नाडीने बांधलेले जोडशब्द

मुलांना नाडीने बांधायचं नसतं, हे तिने आईला त्या शुक्रवारी सकाळीही सांगितलं होतं. दरवर्षी सांगायची. आई दरवर्षी ऐकून घ्यायची आणि शिंप्याकडून नवी नाडी घेऊन यायची.

"मुलं म्हणजे काय पायजमे आहेत का, आई?"

"पायजमा बरा. एकदा बांधला की जागेवर राहतो," आई म्हणाली आणि नाडीचा गुंडा पिशवीत कोंबून चपला शोधायला लागली. चपला तिच्या पायातच होत्या. हे लेकीने सांगेपर्यंत तिने पलंगाखाली दोनदा वाकून बघितलं होतं.

दोघी एकाच शाळेत शिकवायच्या. आई पहिलीच्या वर्गाला, लेक वरच्या वर्गांना भाषा. एकाच आडनावाच्या दोन बाई म्हणजे रोजचा घोळ, म्हणून शाळेच्या शिपाईमामांनी फार पूर्वी एकीला मोठ्या बाई आणि दुसरीला धाकट्या बाई करून टाकलं होतं. पुढे हेडसरांपासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. धाकट्या बाईंचे केस कानाशी पिकायला लागले तरी त्या धाकट्याच राहिल्या. घरातही धाकटीच, घरात होत्याच दोघी.

जोडशब्द दोघीही शिकवायच्या, पण शिकवण्यात जमीनअस्मानाचा फरक. धाकटी फळ्यावर व्याख्या लिहायची, मग प्रकार, मग प्रत्येक प्रकाराखाली उदाहरणं. वर्ग निमूटपणे उतरवून घ्यायचा आणि मागचे बाक निमूटपणे झोपायचे. मोठ्या बाईंच्या वर्गात जोडशब्दांच्या दिवशी कुणाची झोपायची बिशाद नव्हती. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर एक शब्द, आणि ज्याने त्याने आपला जोडीदार धुंडाळायचा. सापडला की बाईंकडे धावायचं. बाई दोघांची मनगटं नाडीने बांधणार, आणि मग शाळा सुटेपर्यंत सगळं दोघांनी मिळून. पाणी प्यायचं तर दोघांनी. चित्र काढायचं तर दोघांनी. एकाला लघवीला लागली तर दुसऱ्याने दाराबाहेर नाडी ताणून उभं राहायचं आणि मोठ्याने गाणं म्हणायचं, म्हणजे आतल्याला लाज वाटत नाही. शाळा सुटताना बाई स्वतःच्या हाताने एकेक गाठ सोडणार. त्याआधी जोडीने आपला शब्द एका दमात म्हणायचा. मध्ये श्वास घेतला की पुन्हा पहिल्यापासून.

"ह्यातून साधतं काय?" धाकटीने एकदा विचारलं होतं.

"अगं, नुसते शेजारी उभे केलेले शब्द हे शेजारीच राहतात. भिंतीपलीकडचे. एकाला शिंक आली की दुसऱ्याचा हात हलला पाहिजे, तेव्हा कुठे तो जोडशब्द."

"हे पुस्तकात नाही."

"म्हणून तर तुझा मागचा बाक झोपतो."

तर त्या शुक्रवारी धाकटीचा एक तास मोकळा होता. ती पहिलीच्या दारात जाऊन उभी राहिली. संध्याकाळी 'बघ, मी म्हटलं होतं ना' असं म्हणायला काहीतरी हाती लागेल, एवढाच हेतू.

आत जत्रा उसळावी तसा गोंधळ होता. 'घर' नावाची पाटी एका गुबगुबीत, हळूबाई मुलाच्या गळ्यात होती, आणि 'दार' एका अशा मुलीच्या, जी बसल्या जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. ती त्याला नाडीने ओढत वर्गभर फिरवत होती. 'केर' आणि 'कचरा' हे मुळात जिवलग मित्र. बाईंनी दिलेल्या पाट्या बदलून त्यांनी आपली जोडी लबाडीने जमवली होती आणि आता छाती काढून उभे होते. 'दुखी'ची पाटी वर्गातल्या सगळ्यात हसऱ्या मुलीला मिळाली होती. आणि 'पुसणं' ही पाटी ज्याला मिळाली, तो मात्र पेटला होता.

"मला पुसणं नको. मला वाघ द्या."

"वाघ जोडीत राहत नाही रे. वाघ एकटा असतो," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्याने थोडा विचार केला. "मग तो घरी गेल्यावर बोलतो कुणाशी?"

"तेच तर. म्हणून तू पुसणं. ती बघ, तुझी वाट बघतेय."

'पाय' वाट बघत नव्हती. तिने त्याचं मनगट धरलं आणि "चल रे पुसण्या" म्हणून त्याला फरफटत नेलं.

तेवढ्यात 'चहा' आणि 'दुखी' हातात हात घालून बाईंसमोर आले. आम्हाला बांधा म्हणाले.

"चहादुखी?" बाईंनी विचारलं. "असतं का असं काही?"

"आमच्या आजोबांना होते," 'चहा' गंभीरपणे म्हणाला. "सकाळी. चहा मिळेपर्यंत."

मोठ्या बाई हसता हसता मागे सरकल्या आणि कागदाच्या टोपलीत बसल्या. टोपली चेपली. बाई तशाच बसून हसत राहिल्या, आणि सगळा वर्ग टोपलीभोवती नाचायला लागला. दारातल्या धाकटीलाही हसू फुटलं होतं. तिने ते खोकल्यात लपवलं.

"शब्द झकास आहे," डोळे पुसत मोठ्या बाई म्हणाल्या. "पण मग पाण्याने काय करायचं? बघा, पाणी कोपऱ्यात रडकुंडीला आलंय. आणि डोक्याने कुणाकडे बघायचं?"

'डोकं' हा चष्मेवाला मुलगा खरंच कुणाकडे बघत नव्हता. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काहीतरी हिशेब करत होता. अखेर चहाला पाणी मिळालं, डोक्याला दुखी मिळाली, आणि नाड्या आवळल्या गेल्या.

शेवटच्या तासाला मोठ्या बाईंचा फोन वाजला. घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरचा नळ कधीपासून टपटपत होता आणि नळवाला कधीपासून 'आत्ता येतो' म्हणत होता. तो आज खरंच आला होता. दारात उभा होता.

"नळवाला!" मोठ्या बाईंनी वर्गाला असं सांगितलं, जणू राजाची स्वारी आली. "आज हातचा गेला तर पुन्हा दिसायचा नाही. मी जाऊन येते. मी आल्याशिवाय कुणीही गाठ सोडायची नाही. काय?"

"नाऽऽही!"

"बाकी कुणी सोडायला आलं तर?"

"नाऽऽही!"

शिपाईमामांना वर्गात बसवून, पिशवी विसरून, त्या तशाच पळाल्या. नळवाल्याचं काम लांबलं. घंटा झाली. शिपाईमामांनाही गाठींना हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलं होतं, आणि मोठ्या बाईंचा शब्द मोडण्यापेक्षा त्यांनी नोकरी सोडली असती. त्यांनी सगळे जोडशब्द होते तसे फाटकाबाहेर सोडले. तिथे जो काही प्रकार झाला तो धाकटीने खिडकीतून पाहिला. दोन आया आपापलं पोर ओढत होत्या आणि मधली नाडी दोघींच्या पर्समध्ये अडकली होती. एक वडील स्कूटरवर 'केर' न्यायला आले होते. ते 'कचरा'ही घेऊन गेले.

धाकटी घरी पोचली तेव्हा आई ओट्यासमोर स्टूल टाकून बसली होती. नळाकडे बघत. सिनेमा बघावा तशी.

"बघ," आई कुजबुजली. "काही नाही."

खरंच, एक थेंब पडत नव्हता.

"आणि मुलं?"

"कुठली मुलं?" आईने कपाळावर हात मारला. "अगं बाई! गाठी!" मग जी हसायला लागली ती थांबेना. "सोडल्या असतील गं त्यांच्या आयांनी. नसतील सोडल्या तर सोमवारी मी सोडते."

"हेडसर तुला सोडणार नाहीत."

"त्यांना मी बांधते. पोटाला."

रात्री जेवताना दोघी पंख्यावरून भांडल्या. आईला तो जोरात हवा होता, लेकीला हळू. पंखा मधल्या आकड्यावर ठेवून दोघीही नाराज झोपल्या. शनिवारी सकाळी चहा गाळता गाळता आई त्याच स्टुलावर बसली. गाळणं हातात होतं. बसली ती उठली नाही.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. मावशीने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. धाकटीला कुणालाच काही सांगावं लागलं नाही, आणि पुढे जिथे सांगावं लागलं तिथे तिने पळवाट काढली. दूधवाल्याला म्हणाली, उद्यापासून एकच पिशवी. "का, बाई गावाला गेल्या?" त्याने विचारलं. ती "हं" म्हणाली आणि दार लावून घेतलं. इस्त्रीवाल्याला म्हणाली, तिचे कपडे सध्या नकोत. सध्या! वरच्या वर्गांना समानार्थी शब्द शिकवताना तिने ह्या एका गोष्टीसाठी अख्खा फळा भरून दाखवला असता. निधन, देहावसान, कैलासवास. आयुष्यभर पुस्तकं वाचलेली बाई ती. पण त्यातला एक शब्द जिभेवर येऊन बाहेर पडेल तर शपथ. साधा शब्द तर त्याहून अवघड.

मावशी आपल्या घरी परतल्यावर धाकटी शाळेत रुजू झाली. हेडसरांची फाटकातच गाठ पडली. त्यांचा चेहरा परीक्षेत पेपर फुटल्यासारखा होता.

"बाई, फार वाईट झालं," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "आणि पहिलीत त्याहून… म्हणजे त्याहून नाही, पण तिथेही जरा झालंय."

झालं होतं ते असं. आयांनी शुक्रवारी गाठी सोडल्या होत्या, काहींनी कात्रीने कापल्याही होत्या. सोमवारी मुलं आली ती पुन्हा जोडीने. कुणी बुटाच्या लेसने बांधून घेतलेलं, कुणी केसांच्या रिबिनीने, कुणी वडिलांच्या टायने. 'चहा' आणि 'पाणी' यांनी तर दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि ती काढताना चहाने अशी बोंब ठोकली की शेजारच्या वर्गाची प्रार्थना थांबली. मोठ्या बाई आल्याशिवाय सुटायचं नाही, म्हणजे नाही. घर आता दारकडे झोपायला जात होता. दारच्या आईची तक्रार आली होती: मुलगा गुणाचा आहे, ताटात काही टाकत नाही, पण झोपेत लाथा मारतो.

"मग तुम्ही त्यांना सांगितलं काय?" धाकटीने विचारलं.

"मी म्हटलं, मोठ्या बाई बाहेरगावी गेल्यात." हेडसरांनी घसा खाकरला. "बदली बाई म्हणाल्या, बऱ्या नाहीत, आराम करतायत. शिपाईमामांना विचारलं तर ते रडायला लागले आणि रडू दिसू नये म्हणून जाऊन घंटा वाजवत बसले. सगळी शाळा दुपारीच सुटली."

"अहो पण, सर—"

"तुम्ही सांगा, बाई. तुम्ही घरच्या."

"तुम्ही मुख्याध्यापक."

"मला सर्दी झालीय," हेडसर म्हणाले आणि पुरावा म्हणून रुमाल काढला.

म्हणजे ते तिच्याच गळ्यात आलं. ती पहिलीच्या वर्गात शिरली तेव्हा बाकाबाकावर जोड्या होत्या. एकेकाचा एकच हात मोकळा असल्यामुळे मुलं वाकडी बसून लिहीत होती. तिला बघून सगळी उठली, आणि बांधलेली असल्यामुळे त्यातली अर्धी पडली.

"धाकट्या बाई! मोठ्या बाई कुठायत?"

तिने वाक्य घरून तयार करून आणलं होतं. छोटं होतं. आरशासमोर म्हणायचा प्रयत्नही झाला होता. आरशातल्या बाईने तोंड मिटून घेतलं होतं.

"मोठ्या बाई," ती म्हणाली, "आज येणार नाहीत."

"उद्या?"

"बघू."

स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं तिला. पण वर्गाला तेवढं पुरलं नाही. 'डोकं' उभा राहिला, त्यामुळे 'दुखी'लाही राहावं लागलं.

"आम्हाला माहितीये त्या कुठे आहेत," तो चष्मा सरकवत म्हणाला. "बाई म्हणाल्या, नळवाला आलाय. बाई गेल्या. बाई आल्या नाहीत. म्हणजे बाई नळवाल्याकडे आहेत."

"नळवाल्याने नेलं त्यांना," 'दार' म्हणाली.

"तो… कशाला नेईल?"

"त्याच्या मुलांना जोडशब्द येत नसतील," 'पुसणं' म्हणाला, आणि साऱ्या वर्गाने माना डोलावल्या. असा खजिना पळवण्यामागे दुसरं काय कारण असणार?

आता सांगायचं. हीच वेळ होती. सांगितलं नाही तर ही पोरं त्या गाठी घेऊन वर्ष काढतील, आणि रोज दाराकडे बघतील, हे तिला स्पष्ट दिसत होतं. सांगायचं तर तिलाच. तिने तोंड उघडलं.

"मी सोडू का गाठी?" हे बाहेर पडलं.

सगळे हात पाठीमागे गेले.

"तुमच्या हाताने नाही, बाई," 'पाय'ने समजूत घातल्यासारखं सांगितलं. "तुम्ही चांगल्या आहात. पण मोठ्या बाईंनी सांगितलंय."

ती शिक्षकखोलीत जाऊन बसली. समोर पाण्याचा पेला ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. उद्या सांगू, असं तिने पेल्याला सांगितलं. पण ती उद्याची सोय दुपारीच मोडली, कारण हेडसरांनी दुपारी कुणाला बोलावून ठेवलंय याचा कुणीच विचार केला नव्हता. मैदानाच्या कडेचा पिण्याच्या पाण्याचा नळ गळत होता. आणि गावभर शोधलं तरी नळवाला एकच होता.

तो आला, पिशवी ठेवली, पाना काढला आणि नळाचं डोकं फिरवून मोकळं केलं. पहिलीच्या खिडकीतून कुणीतरी किंचाळलं, "नळवालाऽऽ!"

पुढचं धाकटीने शिक्षकखोलीतून ऐकलं आणि धावत जाऊन पाहिलं. पहिलीचा वर्ग जोड्याजोड्यांनी मैदानात उतरला होता. अशी फौज कुणी पाहिली नसेल. दोन पावलं धावायची, एक जोडी पडायची, मागची तिच्यावर पडायची, आणि सगळे त्या ढिगातून सरपटत पुन्हा पुढे. 'घर' आणि 'दार' नळवाल्याच्या एका बाजूने गेले, 'पाय' आणि 'पुसणं' दुसऱ्या बाजूने, आणि मधली दोरी त्याच्या पोटऱ्यांना गुंडाळत गेली. 'कचरा'ने त्याच्या पिशवीत डोकं घातलं.

"बाई नाहीत ह्याच्यात!" तो आतून ओरडला. "नुसत्या चकत्या आहेत!"

"आमच्या बाई द्या!"

"अरे कुठल्या बाई? अरे पडेन मी!" नळवाला पाना उंच धरून जागच्या जागी उड्या मारत होता. उघड्या नळातून पाणी कारंज्यासारखं उडत होतं. हेडसर मध्ये पडायला धावले, पाण्याचा फवारा त्यांच्या छातीवर बसला आणि ते जिथल्या तिथे थांबले. "शिस्त!" एवढंच त्यांना म्हणता आलं.

"थांबा!" धाकटी ओरडली.

तिचा आवाज मोठा लागतो हे शाळेला माहीत नव्हतं. मुलं थांबली. नळवाल्याने तिला ओळखलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"ताई! तुम्हीच सांगा हो यांना. मी कशाला नेऊ बाईंना? काम झाल्यावर बाईंनी चहा पाजला, जिन्यापर्यंत सोडायला आल्या, थेंब थांबला म्हणून लहान मुलासारख्या हसत होत्या. हवं तर त्यांनाच विचारा. घरी आहेत ना?"

मुलांनी तिच्याकडे पाहिलं. भिजलेल्या हेडसरांनी पाहिलं. नळवाल्यालाही माहीत नव्हतं. कुणी सांगणार त्याला? ते सांगायचं काम तिचं होतं.

"त्या जरा बाहेर—" हेडसरांनी सुरुवात केली आणि त्यांना खरोखरीच शिंक आली.

"नाही," धाकटी म्हणाली.

ती मुलांपुढे खाली बसली, चिखलात.

"नळवाल्यांनी काही केलेलं नाही. त्यांनी नळ चांगला दुरुस्त केलाय. मोठ्या बाई बाहेरगावी नाहीत. आजारी नाहीत. मोठ्या बाईंचं निधन—"

"ते लांब आहे का?" 'घर'ने विचारलं. "बसने जायचं?"

तिने मान हलवली. पाणी तिच्या पाठीवर पडत होतं.

"मेल्या," ती म्हणाली. "मोठ्या बाई मेल्या. शनिवारी सकाळी. माझी आई मेली."

नळवाल्याने वाकून, पाय बांधलेलेच असताना, नळाचं डोकं परत बसवून पाणी बंद केलं. दुसरीचा वर्ग पाढे म्हणतोय ते ऐकू यायला लागलं.

"आमचं मांजर मेलं होतं," 'दुखी' म्हणाली. "आम्ही रोज दूध ठेवलं. तरी नाही आलं."

"नाही येत," धाकटी म्हणाली.

'डोकं' चष्मा पुसायला गेला, पण एकच हात मोकळा होता. "म्हणजे सोमवारी पण नाही?"

"नाही."

"कुठल्याच सोमवारी?"

"कुठल्याच नाही."

'पुसणं' मोठ्याने रडायला लागला. नाक पुसायला त्याने हात वर नेला, तसा 'पाय'चा हातही त्याच्या नाकाशी गेला. तिने तो काढून घेतला नाही. "बरं, पूस," एवढंच म्हणाली. मग एकेक करून सगळी रडली, आणि दोन-चार मुलं शेजारचा रडतोय म्हणून रडली, आणि 'चहा' पायाखाली गोगलगाय सापडली म्हणून मध्येच थांबला आणि परत सुरू झाला. नळवाला तिथेच खाली बसला. "मला कुणी सांगितलंच नाही हो, ताई," तो म्हणत राहिला. "कालच बाईंना म्हणणार होतो, वॉशर बदलून देतो फुकट."

"मग आता गाठी?" बऱ्याच वेळाने 'दार'ने विचारलं.

"मी सोडते."

"एका दमात म्हणायचं?"

"म्हणायचं तर. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि 'केर' आणि 'कचरा' यांनी मनगटं पुढे केली. धाकटीची नखं आखूड आणि लेसची गाठ ओली, सुटता सुटेना. रडून झाल्यावर दम तरी कुणाला पुरणार? "केर" म्हटलं की हुंदका, "कचरा" म्हटलं की उचकी. घर आणि दार यांनी इतक्या वेळा पुन्हा सुरुवात केली की त्यांनाच हसू यायला लागलं, आणि हसण्याने तर दम आणखीच तुटला. टायची गाठ हेडसरांनी सोडून दिली. त्यांना रोजची सवय. शेवटी नळवाल्याच्या पायांची पाळी आली. मुलं ऐकेनात: तुमचाही शब्द पाहिजे.

"माझा कुठला शब्द?"

"तुम्ही करता तो."

त्याने छाती भरून श्वास घेतला. "नळदुरुस्ती!" तो म्हणाला, आणि त्याला पहिल्या झटक्यात मोकळं केलं गेलं.

सगळे सुटले. सगळे आपापली मनगटं चोळत उभे होते आणि कुणालाच कळत नव्हतं की आता मोकळ्या हातांचं काय करायचं. घर दारच्या अजून इतका जवळ उभा होता की ती सरकली असती तर पडला असता. हेडसरांना ती शांतता सोसेना. अंगातून पाणी गळत असताना ते पुढे आले आणि टाळ्या वाजवून, नको इतक्या उत्साहाने म्हणाले:

"चला! आज तुम्ही सांगाल ते! बोला, कुणाला काय पाहिजे?"

"गोष्ट!"

"लिमलेटच्या गोळ्या!"

"मला कोरडी चड्डी पाहिजे," 'पाणी' म्हणाली.

"मला पाना बघायचाय."

"मिळेल, मिळेल, सगळं मिळेल," हेडसर म्हणत होते. 'दुखी' मात्र काही मागत नव्हती. ती चिखलात बसलेल्या धाकट्या बाईंकडे बघत होती.

"सर, आणि बाईंना?"

"बाईंना?" हेडसर गोंधळले. "बाई मोठ्या आहेत, बाळा. बाईंना काही नको असतं."

"विचारा तरी."

धाकट्या बाईंनी हातातली ओली लेस खाली ठेवली. कुणी विचारायची वाट त्यांनी पाहिली नाही.

"मला आई पाहिजे," त्या म्हणाल्या.